एक सूत

बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर
नऊ जानेवारीच्या दुपारी
मी पाऊण इंची नळी पाटावर आडवी ठेवली
आणि दिगंबरला म्हटलं, लांब बस.
तबल्याची बोटं. ती चकतीजवळ नकोत.

नळी मंगळबाजारामागच्या जयंतीभाईकडची.
"बेन, कापी आपुं?" त्यानं विचारलं होतं.
नको म्हटलं, घरी ग्राइंडर आहे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दिगंबरकडे,
आणि पैसे दिगंबरकडून घेतले.

मी आयटीआयची, टर्नर. एक्क्याण्णवची तुकडी,
सत्तावीस मुलगे आणि मी.
त्यातलं जे उरलंय ते हातात:
कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळायची,
कडेला कड बसली की रेघ सरळच येते.
पट्टी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची.
ऑगस्टच्या काठानं पेन्सिल फिरली.

शेजारच्या गच्चीवर हंसाबेनचे कपडे होते.
ओरडून सांगितलं, काढा, ठिणग्या उडतील.
त्या आल्या, कपडे काढले,
वाळत घातलेली मेथीही उचलली
आणि जिन्याच्या दारात बघत उभ्या राहिल्या.

चष्मा. ओढणी खोचून, टोकं आत.
चकतीवरची तारीख वाचली, मुदत होती अजून.
बटण दाबलं
आणि गल्लीतली सगळी कबुतरं एकदम उठली.

दाबायचं नाही. यंत्राचं वजन पुरतं.
थोडं कापायचं, नळी फिरवायची, थोडं कापायचं.
घाई केली की चकती अडकते,
अडकली की उसळते,
उसळली की मग ती कुणाची ओळख ठेवत नाही.
ठिणग्या टाकीच्या भिंतीकडे जात होत्या,
भरगच्च केशरी,
आणि भिंतीशी पोचेपर्यंत काहीच नाही.

"काळी चार," दिगंबर लांबूनच ओरडला.
"चढतोय. चढतोय. आता सुटेल."
सुटला. तुकडा फरशीवर पडला, टण्ण,
आणि बराच वेळ गोल गोल बोलत राहिला.

दोन पाय झाले, अडीच-अडीच फुटांचे.
शर्वरीच्या स्कूटरला पुढे उभे करायचे, वर कमान.
म्हणजे फतेहगंजच्या पुलावर,
जिथे गच्च्या पुलाच्या उंचीला येतात,
आडवा मांजा आलाच
तर आधी लोखंडाला भेटेल.
मागच्या वर्षी तिच्या वर्गातला एक मुलगा
त्याच पुलावर
हे वाक्य आमच्या घरात कुणी पुरं करत नाही.

मी कानशीनं तोंडाची बर काढत होते.
दिगंबरनं एकेक पाय दोरीला टांगला
आणि तबल्याची हातोडी आणून वाजवला.
एक. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.
"डावा चढा आहे."
किती?
त्यानं चिमटीत थोडी हवा धरून दाखवली.
मी हसले. मग टेप लावली.
डावा एक सूत आखूड होता.

माझ्या हातून.
एवढंसं कापता येत नाही, घासावं लागतं.
उजवा पुन्हा पाटावर, कानस, अर्धा तास.
टांग, वाजव. "अजून."
टांग, वाजव. "अजून जरासा."
हंसाबेननी मधेच चहा आणून ठेवला.
"बस. थांब."

सूत. आमच्या शॉपमध्ये इंचाचा आठवा भाग.
खाली गल्लीत पोरं त्याच नावाची वस्तू
काचेच्या गुलाबी लगद्यातून ओढत
दोन खांबांमध्ये वाळवत होती.
त्यांचे हातही चिंध्यांनी बांधलेले,
माझ्याइतकेच सांभाळून.

वेल्डिंग रफीकभाईनं करून दिलं.
शर्वरी संध्याकाळी स्कूटरभोवती फिरली.
"आई, म्हशीच्या शिंगांसारखं दिसतंय.
सगळ्या हसतील."
हसू देत.
दिगंबरनं कमानीला टिचकी मारली,
कान लावून ऐकलं,
सूर काही सांगितला नाही.
हळू चालव, एवढंच म्हणाला.